एकादशीचे ताट

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण तुम्ही घरी अनेकदा ऐकली असेल. उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरातून जो खमंग वास दरवळतो, तो रोजच्या वरणभाताच्या दिवशी दरवळत नाही, हेही तुमच्या ध्यानात आलेच असेल. कार्तिकी एकादशीचे एखादे ताट डोळ्यांपुढे आणा. मध्यभागी साबुदाण्याची खिचडी. तिच्यात बटाट्याच्या फोडी, भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे. शेजारी वरीचे तांदूळ व त्यांवर दाण्याची आमटी. एका बाजूस रताळ्याचा गोड कीस, दुसऱ्या बाजूस काकडीची कोशिंबीर, वाटीत दही. आणि शेवटी राजगिऱ्याचा लाडू, पपईची फोड व एखादे पिकलेले सीताफळ. देव्हाऱ्यातील विठोबाच्या तसबिरीला झेंडूच्या फुलांचा हार घातलेला आहे.

आता आपण एक खेळ खेळू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झाली. हेच ताट त्या सालात नेऊन ठेवू आणि त्या काळच्या मराठी माणसाला जो पदार्थ ठाऊक असणे शक्य नव्हते, तो एकेक करून उचलू. बटाटा उचलावा लागेल. मिरची उचलावी लागेल. दाण्याचा कूट आणि आमटी गेली, साबुदाणा गेला, रताळ्याचा कीस गेला. राजगिऱ्याचा लाडू, पपई आणि सीताफळही गेले. तसबिरीवरचा झेंडूचा हारदेखील उतरवावा लागेल. मागे राहिले वरीचे तांदूळ, काकडी आणि दही!

मी शाळेत शिकवीत होतो, तेव्हा सातवीच्या वर्गात हा खेळ एकदा फळ्यावर मांडला होता. एकेक नाव पुसले जाऊ लागले, तसतशी मुले हसू लागली. परंतु दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, माझी आजी गेली पन्नास वर्षे एकादशी करते. तिला कांदा चालत नाही, पण बटाटा चालतो. बटाटा परदेशातून आला, हे तिला सांगितले तर तिला वाईट वाटेल. सांगू की नको?"

प्रश्न सोपा नव्हता. खरी गोष्ट आजीपासून लपवून ठेवणे योग्य नव्हते आणि अर्धवट माहितीने तिचे मन दुखविणेही बरे नव्हते. मी तिला म्हणालो, "सांग, पण आधी सगळी हकीकत नीट समजून घे." पुढचे दोन तास आम्ही त्या ताटातच घालविले. त्या वेळी जे बोललो आणि पुढे वाचनात जे आले, ते आज तुम्हांला सांगतो.

बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत आहे. तेथे अँडीज नावाची एक उत्तुंग पर्वतरांग आहे. आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर, त्या पर्वतांच्या कुशीत टिटिकाका नावाचे विस्तीर्ण सरोवर पसरले आहे. त्याचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखराची उंची १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जागेची कल्पना येईल. या परिसरातील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी रानातील लहान, कडवट व काहीसे विषारी कंद शोधून काढले. त्यांतले कमी कडू कंद निवडावे, ते पुन्हा लावावे, पुन्हा निवडावे, असे पिढ्यान्‌पिढ्या करून त्यांनी आजचा बटाटा घडविला. तो जुना विषाचा अंश अजूनही पुरता गेलेला नाही. उन्हात राहून हिरवा पडलेला बटाटा तुमची आई बाजूला काढून टाकते, ते याच कारणासाठी.

त्या उंच प्रदेशात रात्री कडाक्याचे हिव पडते. तेथील लोकांनी या हिवाचाही उपयोग करून घेतला. थंडीच्या दिवसांत ते बटाटे उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. मग सारे कुटुंब मिळून ते पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढते. काही दिवस असे केले की हलके, कोरडे गोळे तयार होतात. त्यांना तेथे 'चुन्यो' म्हणतात आणि ते कित्येक वर्षे टिकतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवणे घालतात, त्यांचेच हे भावंड समजा. फरक एवढाच की आपण उन्हाची मदत घेतो आणि ते उन्हाबरोबर हिवाचीही घेतात.

'बटाटा' हे नाव मुळात बटाट्याचे नव्हेच! कोलंबस ज्या बेटांवर जाऊन पोचला, तेथील लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत असत. युरोपच्या खलाशांनी ते नाव उचलले, आणि पुढे अँडीजमधला हा दुसरा कंद हाती आल्यावर दोहोंच्या नावांचा घोटाळा झाला. रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले. पोर्तुगीज लोक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नांदत होते. त्यांच्या तोंडचा 'बताता' मराठीत 'बटाटा' होऊन बसला. उत्तर हिंदुस्थानात मात्र 'आलू' हे कंदाचे जुने संस्कृत नावच या नव्या पाहुण्याला दिले गेले. मग रताळ्याचे काय झाले? तेही अमेरिकेतूनच आलेले. त्याला आपल्याकडे 'रक्तालु' या जुन्या नावावरून 'रताळे' म्हणू लागले. पूर्वी हे नाव एका निराळ्या तांबूस कंदाचे होते. गुजरातेत आजही 'रताळू' मागितले तर दुकानदार तुमच्या पुढ्यात कोनफळ ठेवील.

बटाट्यावर आणि रताळ्यावर नीट नजर टाका. बटाट्याला 'डोळे' असतात आणि त्या डोळ्यांतून कोंब फुटतात, कारण बटाटा हे जमिनीखाली वाढलेले खोड आहे. रताळे मात्र खरोखरीचे मूळ आहे. दोघांचे कूळही एक नाही. बटाट्याचे सगेसोयरे म्हणजे वांगे, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि विषारी धोतरादेखील. बटाट्याचे आणि वांग्याचे फूल शेजारी शेजारी ठेवून पाहा. नाते कोणी सांगावे लागणार नाही. त्या कुळातील वांगे तेवढे आपल्याकडचे. बटाटा, टोमॅटो, मिरची व तंबाखू पलीकडून आलेली.

या बटाट्याची एक दुःखद कथाही आहे आणि ती वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे एक बेट. तेथील गरीब शेतकरी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ केवळ बटाट्यावरच गुजराण करीत. शिवाय देशभर बहुतेक एकाच जातीचा बटाटा लावला जाई, कारण तिचे उत्पन्न भरपूर येई. इ. स. १८४५ मध्ये त्या पिकावर करपा पडला. उभी पिके काळी पडली आणि जमिनीतले बटाटे कुजून गेले. सारी झाडे एकाच जातीची, त्यामुळे एकालाही त्या रोगाचा प्रतिकार करता आला नाही. पुढील सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्यू पावली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात त्या देशातून धान्य व गुरे बाहेर विकली जात होती. तेव्हा सारा दोष एकट्या करप्याच्या माथी मारता येत नाही.

अँडीजमधील शेतकरी मात्र एकाच शेतात अनेक जातींचे बटाटे लावीत आले आहेत: तांबडे, जांभळे, काळे, लांबट, वाकडेतिकडे. एकावर रोग पडला तर दुसरा तग धरतो. त्या प्रदेशात बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती आढळतात. त्यांचा सांभाळ करण्यासाठी पेरू देशाची राजधानी लिमा येथे १९७१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आपल्या बाजारात दोन-तीन जाती मिळतात आणि आपण तेवढ्यालाच बटाटा म्हणतो!

आता भुईमूग. हाही दक्षिण अमेरिकेचा. याच्यासारखे विचित्र झाड शोधून सापडावयाचे नाही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे पाहिले असेल; इतरांनी कुंडीत चार दाणे पेरून पाहावे. साधारण महिन्याभराने पानांच्या बगलेत पिवळी नाजूक फुले येतात. इतर झाडांचे फूल जेथे फुलते तेथेच फळ धरते. भुईमुगाचे फूल कोमेजले की त्याच्या तळाशी असलेला बीजकोश एका टोकदार देठावर वाढू लागतो आणि तो देठ चक्क खाली वाकून मातीत शिरतो. शेतकरी म्हणतात, 'आऱ्या सुटल्या.' मातीच्या अंधारात गेल्यावरच शेंग धरते. आरी मातीपर्यंत पोचली नाही तर ती वाळून जाते. म्हणून आऱ्या सुटण्याच्या सुमारास जमीन भुसभुशीत ठेवावी लागते. फूल वर आणि फळ खाली, असा हा कारभार आहे.

साबुदाण्याचे शेत तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे काय? कोणीही पाहिलेले नसणार, कारण साबुदाणा पिकत नाही. तो करावा लागतो. मलाया व इंडोनेशिया यांच्या दलदलीच्या भागांत 'सागू' नावाचा एक माड वाढतो. त्याच्या खोडातील गाभ्यापासून पीठ काढून त्याचे दाणे वळीत. त्या दाण्यांना त्या माडाचे नाव मिळाले आणि तेच आपल्याकडे 'साबुदाणा' झाले. आज आपण खातो तो साबुदाणा मात्र त्या माडाचा नव्हे. तो टॅपिओका नावाच्या कंदापासून करतात. हा कंद मूळचा ब्राझील देशाचा. पोर्तुगीजांनी तो केरळात आणला. पुढे त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी, इ. स. १८८० नंतरच्या काही वर्षांत, प्रजेला धान्याची टंचाई भासू नये म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या हाती पडला आणि तिकडून येणारा माल थांबला. तेव्हा तमिळनाडूतील सेलम येथे १९४३ च्या सुमारास या कंदापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला, आणि आजही आपला बहुतेक साबुदाणा त्याच भागातून येतो. कंद धुऊन, सोलून, वाटून त्याचा दुधासारखा रस काढतात. तो निवला की तळाशी सत्त्व बसते. ते ओलसर सत्त्व कापडाच्या झोळीत हलवून हलवून त्याचे मोती वळतात, चाळतात आणि तापलेल्या पत्र्यावर भाजतात.

या कंदाच्या कित्येक जाती कच्च्या खाल्ल्या तर विषबाधा होते. ब्राझीलच्या अरण्यातील लोकांनी तो किसून, पिळून, रस काढून टाकून मग भाजण्याची रीत शोधली. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. किती माणसांनी किती वर्षे जपून जपून हे करून पाहिले असेल, याचा विचार खिचडी खाताना एकदा तरी मनात यावा.

यानंतर मिरची. हिची कथा सर्वांत रंगतदार आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो.

प्राचीन काळी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी, पिंपळी आणि आले होते. मिऱ्याचा वेल केरळच्या ओलसर रानांत वाढे आणि त्याचे काळे दाणे जहाजांतून व तांड्यांतून पार युरोपपर्यंत जात. तेथे त्यांना किती मोल होते, ते एका प्रसंगावरून कळेल. इ. स. ४०८ मध्ये अलारिक नावाच्या गॉथ राजाने रोम शहराला वेढा घातला. वेढा उठविण्यासाठी त्याने जी खंडणी मागितली, तिच्यात सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती. आजच्या मापाने ती जवळजवळ एक हजार किलो भरेल.

हीच मिरी थेट मिळवावी म्हणून कोलंबस इ. स. १४९२ मध्ये पश्चिमेकडे निघाला. त्याला हिंदुस्थान सापडला नाही आणि मिरीही सापडली नाही. सापडली ती मिरची! ती तिखट लागली म्हणून स्पॅनिश लोकांनी तिला मिरीचेच नाव थोडे फिरवून दिले. इकडे वास्को द गामा इ. स. १४९८ मध्ये कालिकतला पोचला, इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या पूर्वजांनाही ती चाखून मिरीचीच आठवण झाली असावी. त्यांनी तिला 'मिरची' म्हटले. इंग्रज लोक मिरी व मिरची या दोहोंना 'पेपर' म्हणतात, आणि तो शब्द फिरत फिरत गेला आहे आपल्या 'पिप्पली'वरून, म्हणजे पिंपळीवरून. पृथ्वीच्या दोन टोकांच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एका झाडाला दुसऱ्याच झाडाचे नाव द्यावे, हे नवल नव्हे काय?

मिरी महाग होती आणि तिचा वेल कोठेही रुजत नसे. मिरचीचे रोप कोणाच्याही परसात, सांडपाण्याच्या कडेलाही वाढे. त्यामुळे गरिबाच्या भाकरीला तोंडी लावणे मिळाले आणि बघता बघता मिरचीने सारा देश व्यापला.

परंतु मिरची तिखट का असते? झाडाने हा उपद्व्याप कशासाठी केला? याचे उत्तर पोपटाजवळ आहे. पोपटाला पिंजऱ्यात कोंडणे आता कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण मिरचीच्या शेतावर उतरलेला पोपट तुम्ही पाहिला असेल. तो मिरच्या मजेने खातो आणि त्याच्या डोळ्यांत टिपूसही येत नाही. मिरचीत जे तिखट द्रव्य असते, ते आपल्या जिभेवरील उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला 'भाजले' असाच निरोप जातो. पक्ष्यांच्या अंगी त्या द्रव्याला ओळखणारी योजनाच नसते. उंदीर, माकड, मनुष्य यांसारखे प्राणी मिरची चावून खातात, तेव्हा त्यांच्या दाढांखाली बिया भरडल्या जातात. पक्ष्याला दातच नसतात. त्याने गिळलेल्या बिया धडधाकट बाहेर पडतात आणि दूर कोठेतरी रुजतात. तेव्हा तिखटपणा ही रानातल्या मिरचीने दाढवाल्यांसाठी लावलेली आडकाठी आहे. ती आडकाठी ओलांडून मुद्दाम ठेचा खाणारा प्राणी मनुष्यच!

या निरोपाचा मार्ग कसा चालतो, ते डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने मिरचीतील द्रव्याच्याच साहाय्याने शोधून काढले. त्याबद्दल त्यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना आर्डेम पाटापूटियन या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर विभागून देण्यात आले. तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. तिखट लागले असता पाणी पिऊन फारसा लाभ होत नाही, कारण ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावे. आणि मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांत नसून, त्या बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात असतो.

राजगिऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. तो आपल्या माठाच्या भाजीचाच भाऊबंद. त्याचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. युरोपीय लोक तेथे पोचण्यापूर्वी मेक्सिकोचे रहिवासी राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत आणि सणाच्या शेवटी त्या मूर्ती प्रसाद म्हणून वाटून खात. आजही मेक्सिकोच्या बाजारात फुललेल्या राजगिऱ्याची गोड वडी विकतात. तिचे नाव 'अलेग्रिया', म्हणजे 'आनंद'. ती तुमच्या हातावर ठेवली तर तुम्ही तिला निःशंकपणे राजगिऱ्याची चिक्की म्हणाल. झेंडूही त्याच देशाचा. नोव्हेंबरच्या आरंभी तेथील लोक आपल्या दिवंगत पूर्वजांचे स्मरण करतात आणि त्यांच्या तसबिरींपुढे झेंडूच्या राशी ओततात. आपली दसरा-दिवाळी आणि त्यांचा हा सण यांत फार दिवसांचे अंतर नसते. दोन्हीकडे फूल तेच.

सीताफळापाशी मात्र जरा थबकावे लागते. ज्या फळाला सीतामाईचे नाव, जे आपल्या बालाघाटच्या डोंगरात, दौलताबादेस, पुरंदरच्या माळांवर आपोआप उगवल्यासारखे दिसते, ते परदेशी कसे असेल? हा प्रश्न मोठ्या विद्वानांनाही पडला. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूत व मथुरा येथील दोन हजार वर्षांच्या जुन्या शिल्पांत सीताफळासारखे खवल्याखवल्यांचे फळ दिसले, आणि सीताफळ येथलेच असावे असे त्यांनी मांडले. यावर इतरांनी उत्तर दिले, की शिल्पातील फळ फणस किंवा दुसरे काही असू शकेल; दगडावरून वास आणि चव कळत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी सीताफळाचे रानटी गणगोत शोधले, तेव्हा ते सारे अमेरिकेतच सापडले. मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो. 'बटाटा' या नावाने आपल्याला खरी वाट दाखविली. 'सीताफळ' या नावाने ती चुकविली. म्हणून नावाची साक्ष घ्यावी, पण एकट्या नावावर निकाल देऊ नये.

पुराव्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे जळके दाणे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत धान्याचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले. कोळसा झालेला दाणा कुजत नाही आणि त्याचा आकारही टिकतो. त्यामुळे तेथील लोक जव पिकवीत होते, हे आज सांगता येते. कोणा गृहिणीच्या हातून चुलीत सांडलेले दाणे तिच्या घराची साक्ष देण्यास तीन हजार वर्षांनी उपयोगी पडले.

तर मग त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? एकादशीला वर्ज्य आहे ते धान्य; कंद, मुळे व फळे यांना मोकळीक आहे. बटाटा, रताळे व टॅपिओका हे कंदमुळांच्या दारातून आत आले. राजगिरा हा पालेभाजीचा दाणा, म्हणून तोही आला. भुईमूग वस्तुतः मुगाचा व तुरीचा सगोत्र. परंतु जमिनीखालून निघतो म्हणून की काय, त्यालाही कोणी अडविले नाही. कांदा या देशात दोन हजार वर्षांहून अधिक काळ राहिलेला, पण तो मात्र दाराबाहेर! आजी पाळते तो नियम जुनाच आहे; त्या नियमात बसणारे पदार्थ तेवढे नवे आहेत.

आणि एकादशी सोडून द्वादशीचे पारणे पाहिले तरी आश्चर्य संपत नाही. ज्वारी आजच्या सुदानच्या बाजूची, बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. या तिघी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून पुढे केव्हातरी आफ्रिकेतून इकडे आल्या. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातून आले. तूर, मूग, उडीद व कुळीथ मात्र याच भूमीत माणसाळले. देणेही काही कमी झालेले नाही. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या येथे वाढली आणि 'शर्करा' हा शब्द तिच्याबरोबर इराण व अरबस्तानातून युरोपभर गेला. आंब्याचे इंग्रजी नावही पोर्तुगीजांनी केरळच्या 'मांगा'वरूनच नेले. खुद्द पोर्तुगीजांनी आपला आंबा ब्राझीलला नेऊन लावला. जेथून काजू इकडे आला, तेथेच.

ती मुलगी घरी गेली आणि तिने आजीला सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही, म्हणून मीही विचारले नाही. पुढची एकादशी आली, तेव्हा मधल्या सुट्टीत तिने माझ्या टेबलावर एक डबा आणून ठेवला. "आजीने दिला आहे," ती म्हणाली. डब्यात वरीचे तांदूळ होते. तुपात परतलेले, त्यांत आल्याचा कीस, मिऱ्याची पूड आणि ओले खोबरे. दाण्याचा कूट नव्हता, मिरची नव्हती. वर काकडीच्या चार चकत्या होत्या. आजीने निरोप धाडला होता, की तिच्या सासूबाई उपवासाला असेच करीत आणि तिला ती चव पन्नास वर्षांनी आठवली.

डब्याच्या झाकणात कागदात गुंडाळलेला एक राजगिऱ्याचा लाडूही होता.